मुखपृष्ठावर वर्तमानपत्राचं कव्हर

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा गोषवारा असा :

वय ४६, पतसंस्थेत नोकरी, रोज एसटीने जाणं-येणं. दीड वर्षापूर्वी त्यांची आई आजारी पडली आणि रात्री रुग्णालयात बसायची पाळी आली. मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याने आपलं एक जाडजूड पुस्तक आईच्या पिशवीत टाकलं. जादूगार, समुद्रातली बेटं, ड्रॅगन. ताईंनी ते अर्ध्या झोपेत उघडलं आणि पहाटेपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढे आई गेली, वाचन मात्र सुटलं नाही. आजवर अशी वीसेक पुस्तकं झाली, काही अद्भुताची, काही अंतराळाची. बहुतेकांवर ‘यंग अ‍ॅडल्ट’ असा, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीचा, शिक्का. एसटीत वाचताना त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालतात. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, ‘यात खरं काय आहे? हा वास्तवापासून पळ आहे.’ गावातल्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात ‘मला यंदा आवडलेलं पुस्तक’ या विषयावर ताईंना बोलायचं आहे. त्यांनी तिथे एका पुरस्कारप्राप्त कादंबरीचं नाव देऊन ठेवलं आहे. ती साठ पानांपुढे गेलेली नाही. मुलगा आता दहावीत जाईल. तोही हेच वाचतो, तेही इंग्रजीतून, मराठी पुस्तकाला हात लावत नाही. ‘मी त्याच्या आधी वाचून संपवते, हल्ली तो नवी पुस्तकं दाखवतही नाही,’ असं त्या लिहितात. आणि शेवटी विचारतात : ‘मी पोरकट झाले आहे का? हे सोडून वयाला साजेसं काही वाचावं का? माझ्यामुळे मुलगाही यातच अडकून राहिला तर?’

ताई,

सुरुवात त्या कव्हरापासूनच करते.

मी २२ वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसले. किशोर विभागातलं पुस्तक नोंदवायला पुढे करताना मोठी माणसं मी काही विचारायच्या आत सांगून टाकत, ‘नातवासाठी हं.’ एक काका दर शनिवारी नातवासाठी अवकाशकथा न्यायचे. नातू परदेशात असतो आणि त्याला मराठी वाचता येत नाही, हे मला पुष्कळ पुढे त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. मी त्यांना कधी काही बोलले नाही. त्यांचा संकोच मोडू नये असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, बोलायला हवं होतं. नुसतं एवढंच, की ‘काका, हे मलाही फार आवडलं.’ तुमचं पत्र वाचल्यावर ते काका डोळ्यांसमोर उभे राहिले, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

तुमच्या पत्रात एक शिडी आहे. ती तुम्ही उभी केलेली नाही, आपल्या सगळ्यांच्याच मनात लहानपणापासून कुणीतरी ती टेकवून ठेवलेली असते. खालच्या पायरीवर चांदोबा, मग साहसकथा, मग ऐतिहासिक कादंबऱ्या, मग सामाजिक, आणि अगदी वर वैचारिक ग्रंथ. एकदा वर गेलं की पुन्हा खाली पाय ठेवायचा नाही. शाळेला इयत्ता असतात म्हणून वाचनालाही असणारच, असं आपण धरून चालतो. मग ४६व्या वर्षी ड्रॅगनची गोष्ट वाचणं म्हणजे पुन्हा पाचवीच्या बाकावर जाऊन बसल्यासारखं वाटतं.

पण पुस्तकावर वय लिहितं कोण, ते बघा. लंडनचे प्रकाशक स्टॅनली अन्विन यांचं म्हणणं होतं, की मुलांच्या पुस्तकांची पारख मुलांनीच करावी. १९३६ मध्ये त्यांच्याकडे इंग्रज लेखक टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या अद्भुतकथेचं बाड आलं, तेव्हा त्यांनी ते आपल्या १० वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. या कामाचा त्याला एक शिलिंग मिळाला. रेनरने लिहून दिलं, की पुस्तक चांगलं आहे आणि ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आवडेल. बघा, १० वर्षांच्या मुलानेसुद्धा ते आपल्यापेक्षा लहानांचं ठरवलं! पुढच्या वर्षी पुस्तक छापलं गेलं. हाच रेनर मोठा होऊन वडिलांच्या कंपनीत आला, आणि त्या पुस्तकाच्या पुढचं, टोल्किन यांचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे हजाराहून अधिक पानांचं काम त्याच्यासमोर आलं, तेव्हा हजार पौंड बुडतील अशी भीती असताना त्याने ते छापायचा आग्रह धरला. १९५४-५५ मध्ये ते तीन खंडांत आलं. माणूस तोच, जगही तेच. पहिल्यांदा त्याच्यातल्या मुलाने वाचलं, दुसऱ्यांदा त्याच्यातल्या मोठ्या माणसाने. शिडी चढताना त्याने काही मागे टाकलं, असं मला तरी दिसत नाही.

आणि तुमच्या वर्तमानपत्राच्या कव्हराबद्दल सांगायचं तर हॅरी पॉटरच्या ब्रिटिश प्रकाशकांनी नेमकं तेच केलं. १९९८ मध्ये त्यांनी पहिल्या पुस्तकाची मोठ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली. आत गोष्ट तीच. वर फक्त रंगीत चित्राच्या जागी आगगाडीचं कृष्णधवल छायाचित्र, म्हणजे कामावर जाता-येता माणसाला ते हातात धरायला लाज वाटू नये. हे ‘यंग अ‍ॅडल्ट’ वगैरे शिक्के दुकानात पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं हे ठरवण्यासाठी असतात. साधारण १२ ते १८ वयाचा नायक किंवा नायिका असली की पुस्तक त्या फळीवर जातं. त्या दुकानदारी सोयीवरून तुम्ही स्वतःबद्दल निकाल देता आहात, एवढंच मला तुमच्या लक्षात आणून द्यायचं आहे. मेरी शेलीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतलं तेव्हा ती १८ वर्षांची होती. आपण निर्माण केलेल्या जिवाला वाऱ्यावर सोडणाऱ्या माणसाची ती गोष्ट १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आता ती कुठल्या वयाच्या फळीवर ठेवायची?

आपल्या मातीत तर अद्भुत हे मुलांचं, अशी वाटणी फार उशिरा झाली. विक्रम-वेताळ आपण चांदोबात वाचला म्हणून तो बालवाङ्मयात गेला. पण वेताळाच्या त्या गोष्टी ज्या ‘कथासरित्सागरा’त आहेत, तो सोमदेवाने ११व्या शतकात काश्मीरच्या राणीच्या मनाला विरंगुळा मिळावा म्हणून रचला. म्हणजे वाचक एक प्रौढ स्त्री, आणि तीही काळजीत असलेली. तुम्ही रुग्णालयात जे केलंत, त्याला इतकी जुनी वहिवाट आहे.

सोमदेवाच्या आधीची गोष्ट तर तुम्ही कट्ट्यावर जरूर सांगा. त्याने ज्या मूळ ग्रंथावरून हे सगळं घेतलं, ती ‘बृहत्कथा’ गुणाढ्याची, आणि गुणाढ्य परंपरेप्रमाणे प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरचा. त्याने ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोक लिहिले. अरण्यात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिले, असं कथा सांगते. राजाकडे ते बाड पाठवलं, तर राजाने नाक मुरडलं. ही काय भाषा, हे काय लिहिणं! गुणाढ्य डोंगरावर गेला, अग्नी पेटवला, आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकू लागला. रानातली हरणं, डुकरं, रेडे भोवती गोळा झाले. चरायचं विसरले. ऐकत आणि रडत उभे राहिले. इकडे राजा आजारी पडला, वैद्यांनी निदान केलं की मुदपाकखान्यात येणारं मांसच सुकलेलं आहे. पारध्यांना विचारलं तेव्हा खरा प्रकार कळला. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला एक लाख.

ही गोष्ट मला आयुष्यभर पुरली आहे. राजाच्या दरबारात ‘यात काय आहे’ असं विचारणारे होते. रानातल्या मुक्या जिवांना कुणी फळी नेमून दिलेली नव्हती, त्यांनी नुसतं ऐकलं. रुग्णालयातल्या त्या रात्री तुम्हीही नुसतं ऐकलंत.

आता सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येते. त्यांना मी खोडून काढणार नाही, कारण त्यांचा प्रश्न खरा आहे. वाचन हा पळ असू शकतो. अद्भुताचंच नव्हे, कुठलंही. मी देवघेवीच्या टेबलावरून वैचारिक ग्रंथांत तोंड खुपसून घरच्या भांडणापासून पळणारी माणसं पाहिली आहेत. टोल्किन यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये एक व्याख्यान दिलं, त्यात या आरोपाला त्यांचं उत्तर आहे. ते म्हणाले, तुरुंगातल्या माणसाने बाहेरच्या जगाचा विचार केला, तर त्याला दोष कसा द्यायचा? कैद्याची सुटका आणि सैनिकाने रणांगण सोडून काढलेला पळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्या एकच समजतात. हे बोलणारा माणूस पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, सोमच्या लढाईत खंदकांत उभा होता. वास्तव म्हणजे काय ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न असा : पुस्तक मिटल्यावर मी परत येते का, आणि येताना काय घेऊन येते? आईच्या आजारपणात तुम्ही वाचत होतात आणि सलाइन संपलं की उठून परिचारिकेला हाकही मारत होतात, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्याला पळ म्हणत नाहीत. उलट, कधी असं झालं की पुस्तक संपू नये म्हणून एखादा फोन टाळला, एखादं बोलणं पुढे ढकललं, तीनतीनदा ढकललं, तर तिथे थांबून बघा. दोष ड्रॅगनचा नसेल, टाळलेल्या बोलण्याचा असेल.

हेही मोकळेपणाने सांगते, की या प्रकारात कचराही खूप आहे. भविष्यवाणीत सांगितलेला अनाथ मुलगा, दाढीवाला गुरू, सात खंड, आणि तिसऱ्यापासून नुसता पाणचटपणा. पहिला खंड आवडला म्हणून सातही संपवायची शपथ आपण घेतलेली नसते. अर्ध्यावर सोडा. ज्या पुस्तकातल्या अद्भुताला किंमत मोजावी लागते, त्यावर मी विश्वास ठेवते. जादू फुकट मिळते, तिथे माझा उत्साह मावळतो. विज्ञानकथेतही तसंच : लेखक एक गोष्ट बदलतो आणि मग बाकीचं जग त्या बदलाला प्रामाणिक राहून चालतं का, हे बघायचं.

तुमच्या वयाचा मुद्दा निघाला आहे तर एका लेखिकेबद्दल सांगायलाच हवं. अर्सुला ली ग्विन. एका प्रकाशकाने तिला किशोरवयीन मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून विचारलं आणि तिने ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ लिहिलं, ते १९६८ मध्ये आलं. बेटांचं जग. एक गर्विष्ठ मुलगा, आपली करामत दाखवण्याच्या भरात एक सावली जगात सोडून बसतो, आणि मग तिच्यापासून पळत राहतो. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला संशय आहे, की रुग्णालयातलं ते पुस्तक हेच असावं. १९७१ मध्ये आलेल्या दुसऱ्या पुस्तकात टेनार नावाची मुलगी आहे, लहानपणीच उचलून अंधाऱ्या देवळाला वाहिलेली. तिथून ती बाहेर कशी पडते, ती ही गोष्ट. आणि मग १९९० मध्ये ली ग्विन पुन्हा त्याच जगात गेली आणि ‘टेहानू’ लिहिलं. त्यात टेनार मध्यमवयीन झाली आहे. शेतकऱ्याची विधवा. तिच्या पदरी एक भाजलेली, टाकून दिलेली मुलगी आहे. त्यात धुणं आहे, शेळ्या आहेत, थकलेल्या पुरुषाची सेवा आहे, बाईने एकटं राहण्याची भीती आहे, आणि ड्रॅगनही आहे. पहिलं पुस्तक तुमच्या मुलासाठी असेल. ‘टेहानू’ वाचायला तुमचंच वय लागतं. १५व्या वर्षी ते वाचलं तर ‘यात काही घडतच नाही’ असं वाटतं, हे मी अनेक मुलांकडून ऐकलं आहे. मोठ्यांनी हा विभाग सोडून जायचं ठरवलं असतं, तर हे पुस्तक कुणी वाचलं असतं?

आता वाचनकट्टा. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. एक, साठ पानं वाचलेल्या कादंबरीवर परीक्षणं चाळून बोलायचं. तुम्ही ते निभावूनही न्याल, पण मग कट्ट्यावर तुम्ही नसाल, परीक्षणं असतील, आणि दर महिन्याला तोच वेश चढवावा लागेल. दुसरी, काहीतरी निमित्त काढून जायचंच नाही. तिसरी, खरं सांगायचं. मी तिसरीच्या बाजूची आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच, पण एक अट आहे : अद्भुतकथेची वकिली करायला उभ्या राहू नका. ‘लोक याला कमी लेखतात, पण...’ अशी सुरुवात केली की ऐकणारे न्यायाधीश होतात. तुम्ही नुसती ती रात्र सांगा. खोलीतला दिवा, आईचा श्वास, पुस्तक कुणी दिलं, कुठल्या पानावर पहाट झाली. मग एक पान वाचून दाखवा. पुस्तक इंग्रजी असेल तर आदल्या आठवड्यात त्या एका पानाचं मराठी स्वतः करा. तीन-चार संध्याकाळी जातील, पण तो आनंद वेगळाच असतो. संयोजकांना आधी कळवून पुस्तकाचं नाव बदलून घ्या, म्हणजे आयत्या वेळी धांदल नको. दोघं-तिघं कदाचित हसतील. पण मी पैजेवर सांगते, चहाच्या वेळी कुणीतरी हळूच जवळ येऊन विचारेल, ‘ते पुस्तक दोन दिवस मिळेल का?’

लपवण्यावरून जयंत नारळीकर आठवतात. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांनीही कव्हर घातलंच होतं, पण ते कथेवर नव्हे, स्वतःच्या मोठ्या नावावर, कथा आपल्या पायांवर उभी राहते का ते बघण्यासाठी. जगभर नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला मराठीत गोष्टी लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही याच विज्ञानकथाकाराकडे आलं.

तुमच्या सासऱ्यांना त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही एकच कथा द्या. बाकी काही बोलू नका. कथेतले गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक आहेत, आणि ते अशा जगात जाऊन पोचतात जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. ४० वर्षं वर्गात पानिपत शिकवलेल्या माणसाने ‘जर’ या शब्दाशी कधी झटापट केली नसेल, हे शक्य नाही. कथा वाचून झाली की त्यांना विचारा, ‘अण्णा, गोळी खरंच चुकली असती, तर पुढे काय झालं असतं?’ (अण्णा म्हणत नसाल तर जे म्हणत असाल ते.) आणि मग बसून ऐका. ‘यात खरं काय आहे’ याचं उत्तर ते स्वतःच देतील, आणि माझ्यापेक्षा चांगलं देतील.

मुलाच्या मराठीबद्दल. तो मराठी वाचत नाही कारण त्याला जे आवडतं ते मराठीत नसतंच, असं त्याला वाटत असावं. आणि आपण मराठी वाच म्हणताना पुढे करतो ते चरित्र किंवा बोधकथा. मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला फ्रेंच लेखक जूल्स व्हर्न वाचून काढला. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. ही नावंच बघा, भाषांतराचा वाससुद्धा नाही. तुमच्या मुलाला हे सांगा, की व्हर्नचा पाणबुडीवाला कॅप्टन निमो हा ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो, १८५७च्या उठावात सगळं गमावलेला. ही माहिती ऐकून मी पाहिलेली बहुतेक मुलं खुर्चीत सरळ होऊन बसली आहेत. नारळीकरांची ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ आहेत. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचे संग्रह चांगल्या वाचनालयात असतात. काळोखाची, म्हणजे भयकथांची आवड असेल तर नारायण धारप. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. पण यातलं एकही पुस्तक ‘मराठी सुधारेल’ म्हणून देऊ नका. औषध म्हणून दिलेलं पुस्तक मुलं वासावरून ओळखतात. जेवणाच्या टेबलावर उघडं पडलेलं असू द्या, बस.

दहावीच्या वर्षात वाचन बंद करावं का, या काळजीला मी फार जागा देणार नाही. झोप कमी होत असेल तर रात्री दहाला दिवा बंद, हा नियम अभ्यासाच्या पुस्तकालाही तोच लावा. दुसरी काळजी मात्र रास्त आहे. फँटसी म्हटलं की सगळं निरुपद्रवी, असं नाही. मोठ्यांसाठी लिहिलेल्या काही मालिकांमध्ये क्रूरपणा, बायकांवरचे अत्याचार अगदी तपशिलात असतात. तिथे बंदी घालण्यापेक्षा एक शब्द द्या-घ्या : जे वाचून अंगावर आलं, ते अर्ध्यावर सोडायची मुभा त्याला आहे, आणि येऊन सांगितलं तर तुम्ही पुस्तक जप्त करणार नाही. हा शब्द पाळला जातो हे त्याला एकदा दिसलं, की तो सांगतो.

आणि आता तुमच्या पाचव्या पानावरचं ते वाक्य. दोन मोठ्या परिच्छेदांच्या मध्ये तुम्ही ते सहज लिहून गेलात : तो हल्ली नवी पुस्तकं दाखवत नाही. पोरकटपणा, वय, कट्टा या सगळ्यापेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. ताई, ते जग आधी त्याचं होतं. त्याने तुम्हाला आत घेतलं, आणि मग तुम्ही त्याच्या आधी पोचू लागलात. त्याने आणलेलं पुस्तक तुमच्या उशाशी, शेवट तुम्हाला ठाऊक, आणि आवडलं का असा प्रश्न त्याच्याआधी तुम्हीच विचारलेला. १५ वर्षांच्या मुलाला आई न पोचणारी एखादी खोली लागते. त्यात तुमची चूक शोधू नका, एवढ्या प्रेमाने कुणी चूक करत नाही. फक्त काही दिवस दार ओढून घ्या. त्याने नवीन आणलेलं पुस्तक तो स्वतः देईपर्यंत उचलू नका. तुमची पुस्तकं तुम्ही निवडा, तुमच्या पैशांनी घ्या, आणि वर्तमानपत्राचं कव्हर न घालता घरात ठेवा. ‘टेहानू’पासून सुरुवात करा हवं तर. ‘आई माझी पुस्तकं घेते’ याऐवजी त्याला एक दिवस ‘आईची पुस्तकं आहेत’ असं दिसू द्या.

शिवाय एक गोष्ट तुमच्या सहा पानांत कुठेच नाही. आजी त्या रुग्णालयात होती, ती त्याचीही आजी होती. तो १३-१४ वर्षांचा. त्याला रात्री तिथे थांबू दिलं गेलं नाही. जे त्याच्याजवळ सगळ्यांत चांगलं होतं ते त्याने तुमच्या पिशवीत टाकलं. त्या पुस्तकाने त्या रात्री काय केलं, हे तुम्ही मला लिहिलंत. त्याला सांगितलंत का? तुमच्या पत्रावरून वाटतं, नाही.

कट्ट्यावर सांगण्याच्या आधी ते त्याला सांगा. समोरासमोर बसवून नको, मुलं या वयात नजर टाळतात. स्टँडवरून घरी चालत येताना सांगा, किंवा गच्चीवर कपडे वाळत घालताना, दोघांचे हात कामात असताना. कुठलं पान होतं तेही सांगा. बहुधा ते त्याला पाठ असेल.